दाजींची सही

आमच्या दाजींनी पहिल्याच भेटीत माझा दात पाडला. तेव्हा ते माझे दाजी नव्हते, आणि पुढे होतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याचाही दात पाडला असता.

झालं होतं असं. दाजी नवे कॅप्टन, मी नवा इंजिनिअर. त्यांनी विमान उतरवलं आणि वहीत लिहिलं, 'उजवा ब्रेक ओढतो.' मी चाकाभोवती एक चक्कर मारली, लाथ मारून बघितली आणि समोरच्या रकान्यात लिहिलं, 'तपासलं, ठीक.' आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात आळशी वाक्य. दाजींनी ते वाचलं आणि जिना उतरून खाली आले.

"हात लावलास का चाकाला?"

"तुम्ही वर उडवा, खालचं आम्ही बघतो," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढचा शब्द तोंडात होता, तेवढ्यात दात बाहेर आला. मीही काही हात जोडून उभा राहणारा नाही. हातातला पाना त्यांच्या खांद्यावर असा बसवला की महिनाभर त्यांना शर्ट घालायला दुसरा माणूस लागायचा. दोघांनाही मेमो मिळाले. मग मी मुकाट्याने ब्रेक उघडला. आतली चकती मधोमध तडकलेली होती.

त्या दिवसानंतर मी न तपासता वहीत एक अक्षर लिहिलं नाही. आणि त्या दिवसानंतर दाजींनी मी लिहिलेलं वाचणं हळूहळू सोडून दिलं. पुढे जे घडलं ते सगळं या दोन वाक्यांत आहे, पण सांगायला बसलोय तर नीट सांगतो.

मेमो मिळाल्यावर ते माफी मागायला घरी आले. माझे आई-बाप लहानपणीच गेलेले. मला ताईने वाढवलं. तिने दार उघडलं, "माझ्या भावाचा दात तुम्हीच पाडलात का?" असं शांतपणे विचारलं आणि हो म्हणताच खाडकन थोबाडीत ठेवून दिली. सहा महिन्यांनी त्याच दारात त्यांनी तिला मागणी घातली. ताई म्हणाली, "मार खाऊन परत येतो, म्हणजे माणूस टिकाऊ आहे." असं आमचं घर. प्रेमसुद्धा हातघाईवर येऊनच व्हायचं.

दाजींचा राग नाकाच्या शेंड्यावर. इंधनाच्या टँकरजवळ सिगरेट ओढणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी कानाला धरून धावपट्टीच्या कुंपणापर्यंत नेलं होतं. एका प्रवाशाने हवाईसुंदरीचा हात पिरगळला, तर त्याचा हात दाजींनी तसाच, तेवढाच पिरगळला. ताईवर मात्र कधी हात टाकला नाही. बाहेर एक घाव दोन तुकडे, आणि घरी मुलीच्या वेण्या घालत बसायचे. मला ते 'पाना' म्हणायचे, त्या खांद्याच्या आठवणीखातर. मी त्यांना अहो-जाहो करायचो. बहिणीच्या नवऱ्याला अरे-तुरे तोंडात येत नाही, मग त्याने दात का पाडलेला असेना.

आता वहीबद्दल सांगायला हवं. प्रत्येक विमानाला त्याची स्वतःची एक वही असते. तिला पत्र्याची जाड वेष्टणं असतात, आत क्रमांक छापलेली पानं, आणि प्रत्येक पानाखाली कार्बनच्या प्रती. डावीकडे वैमानिकाने लिहायचं, विमानाचं काय दुखतंय ते. उजवीकडे इंजिनिअरने लिहायचं, त्याने काय केलं ते. सगळ्यात खाली कॅप्टनची सही. त्या सहीचा अर्थ एवढाच, की मी वाचलं, मला पटलं, आता हे विमान माझं. पहिली प्रत फाडून जमिनीवर ठेवायची आणि मग उडायचं. विमान पडलं तर वहीपण जळते, म्हणून. आणि एक नियम कुठल्याही शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात: आधी वही, मग हात. वाचल्याशिवाय बटणाला बोट लावायचं नाही, कारण खाली कोण कशात हात घालून बसलंय हे वरून दिसत नाही.

दाजी हे इतरांच्या बाबतीत पाळायचे. दुसऱ्या गावच्या इंजिनिअरचं पान ते चष्मा पुसून दोनदा वाचायचे. माझं पान आलं की वही गुडघ्यावर घ्यायचे, को-पायलटशी बोलता बोलता तळाला सही ठोकायचे आणि म्हणायचे, "पान तुझं, पाना तुझा, सही माझी! तू लिहिलंयस ना, मग मी काय वाचायचं?"

आणि मी हसायचो. सहा वर्षं हसलो. कॅप्टन आपलं लिहिलेलं डोळे मिटून मान्य करतो, याचा मला माज होता. दुसरे इंजिनिअर ऐकत असले की जरा जास्तच.

तो दिवस उन्हाचा होता. जमिनीतून वाफा निघत होत्या आणि पाना उघड्या हाताने धरवत नव्हता. दुपारी विमान आलं. आधीच्या वैमानिकाने लिहिलं होतं, 'उजवा फ्लॅप अर्ध्यावर अडकला.' फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागची हलती पट्टी. उतरताना खाली येते, मग वर जाते. माणसाच्या उंचीएवढं धातूचं फळकुट, आणि ते हलवायला मागे तेलाचा दाब. पंप बंद असला तर ते मेलेलं असतं. पंप लागला की कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

अशा वेळी बटणाला लाल पट्टी बांधायची असते, 'हात लावू नका' म्हणून. आमच्या तळावरच्या पट्ट्या तीन महिन्यांपूर्वी संपल्या होत्या. मी दोनदा मागितल्या. मॅनेजर म्हणाला, "येतील." म्हणून उरली फक्त वही. मी पान सत्तेचाळीसवर ठळक लिहिलं, 'उजव्या फ्लॅपचं काम चालू. पंप लावू नये.' वही उघडीच कॅप्टनच्या सीटवर ठेवली. मग शिडी लावली, उजव्या पंखामागे चढलो आणि डावा हात मनगटापर्यंत फटीत घातला. विमानाचा दरवाजा डाव्या बाजूला. चढणाऱ्याला मी दिसणं शक्यच नव्हतं.

दाजी उशिरा आले, ते मॅनेजरशी भांडत. मॅनेजर घड्याळ दाखवत होता, "दहा मिनिटांत दार लागलं पाहिजे, कॅप्टन." दाजींनी घड्याळासकट त्याचा हात बाजूला सारला आणि तणतणत वर गेले. को-पायलट बाहेरून विमान बघायला नाकाकडून निघाला होता. दाजींनी सीटवरची वही उचलली, पानावरचं अक्षर माझं आहे एवढं बघितलं आणि खाली सही केली. मग पंप लावला.

आवाज आधी आला. हाडांचा. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दुखणं मागून आलं, आणि आलं ते एकदम डोक्याच्या कवटीत. शिडी पायाखालून सरकली आणि मी त्या हातावर लोंबकळलो. माझं सगळं वजन दोन बोटांवर. मी किंचाळलो, "अरे बंद कर! अरे ए हरामखोरा, बंद कर!" आयुष्यात पहिल्यांदा दाजींना अरे म्हणालो.

को-पायलट धावत आला, त्याने मला खालून कवेत धरलं आणि ओरडला. पंप बंद झाला. पण बंद होऊन काय? फ्लॅप वर जाऊन बसलेला आणि माझा हात त्याच्या आत. दाजी पळत खाली आले. रक्त माझ्या कोपरावरून को-पायलटच्या पांढऱ्या शर्टावर पडत होतं.

"फ्लॅपचा दांडा खाली करा," मी दात ओठांत रुतवून म्हणालो, "मग पुन्हा पंप लावा. नाहीतर सुटणार नाही."

ते वर गेले. आणि थांबले. मी शिव्या देत होतो, रडत होतो, आणि पंप लागत नव्हता. नंतर कळलं, त्यांनी त्या अवस्थेत आधी वही उचलली आणि पान सत्तेचाळीस वाचलं. अख्खं. मग दांडा खाली केला आणि पंप लावला. फ्लॅप खाली येताना त्याने उरलंसुरलं सोलून काढलं. मधलं बोट आणि अनामिका तिथेच राहिली. त्यानंतरचं मला आठवत नाही.

पुढचं को-पायलटने सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा नाही.

मला गाडीत घालून नेल्यावर मॅनेजर वर चढला. त्याने वही बघितली. पानावर माझी नोंद होती आणि तिच्याखाली, न वाचता केलेली, कॅप्टनची ठसठशीत सही. दोन्ही एकाच पानावर. मॅनेजरने ते पान सगळ्या प्रतींसकट ओढून फाडलं आणि मुठीत चुरगाळलं.

"पट्टी नव्हती, नोंदही नव्हती," तो म्हणाला. "मेकॅनिकची चूक. त्याचं लायसन्स जाईल, एवढंच. कॅप्टन, तुम्ही सुटलात."

दाजींनी वही मिटली, पत्र्याच्या वेष्टणासकट दोन्ही हातांनी धरली आणि तिची धार मॅनेजरच्या नाकावर आणली. नाक फुटलं. दुसरा फटका दातांवर बसला. तो दोन सीटांच्या मधल्या बोळात पडला तरी मूठ उघडेना, तेव्हा दाजींनी त्याच्या मनगटावर बूट ठेवला आणि बोटं एकेक करून मागे वाकवली. पान काढून घेतलं, मांडीवर सपाट केलं. मग कॅप्टनच्या सीटवर बसून पान अठ्ठेचाळीसवर, डाव्या रकान्यात, जिथे विमानाची दुखणी लिहितात तिथे, लिहिलं:

'पान सत्तेचाळीस न वाचता सही केली. पंप लावला. इंजिनिअरचा डावा हात चिरडला.'

सही करायच्या आत सुरक्षारक्षक आले. चौघांनी त्यांना पट्ट्याला धरून जिन्यावरून खाली ओढलं. दाजींनी एकाच्या दंडाला चावा घेतला, एकाला गुडघा मारला. मग त्यांनी काठ्या काढल्या. को-पायलट म्हणतो, काठ्या बसायला लागल्यावर दाजींनी हात उचलणं थांबवलं आणि मार नुसता घेत राहिले, जणू तो त्यांनीच मागवला होता.

चार दिवस विमान उन्हात उभं राहिलं. मोठ्या तळावरून दुसरा इंजिनिअर आला, त्याने फ्लॅप दुरुस्त केला आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावून त्या नोंदीपुढे सही केली. पण पान अठ्ठेचाळीसवर बोट ठेवून म्हणाला, "याला मी उत्तर देणार नाही. हा बिघाड विमानाचा नाही. ज्याचा हात, त्याने लिहावं." आणि वहीत डावीकडे नोंद आहे, उजवीकडे उत्तर नाही, अशा विमानाला कोणी हात लावत नाही.

म्हणून चौथ्या दिवशी सकाळी वही दवाखान्यात माझ्या खाटेवर आली. बरोबर मुख्य कचेरीचे साहेब, ताई आणि दाजी. दाजींचा एक डोळा सुजून बंद झालेला, बरगड्यांना पट्टा. ते दाराशीच उभे राहिले.

साहेब गोड बोलणारा माणूस होता. गोड बोलणाऱ्यांचं मला नेहमीच भय वाटत आलंय. "हे बघा," ते म्हणाले, "कॅप्टनच्या नोंदीवर सही नाही. सही नाही म्हणजे अजून कच्चीच. तुम्ही समोर एवढंच लिहा, 'नोंद नजरचुकीने.' मग हा साधा अपघात. तुमचं लायसन्स राहील, यांचं उडणं राहील. मॅनेजरही तक्रार मागे घेईल, त्याला मी सांगितलंय."

"आणि दाजी काय म्हणतात?"

"पाना म्हणेल ते," दाजी दारातून म्हणाले. "तो नजरचूक म्हणाला तर नजरचूक. तो नाही म्हणाला तर मी सही करतो."

म्हणजे माझ्या हाताचा चेंदा करून आता आपला गळाही माझ्याच हातात दिला! माझं डोकं फिरलं. खाटेजवळ स्टीलचा तांब्या होता. उजवा हात शाबूत होता. भरलेला तांब्या मी सगळा जोर लावून फेकला. तो त्यांच्या भुवईवर बसला. रक्त सुजलेल्या डोळ्यावरून हनुवटीपर्यंत आलं. त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

"अजून काही आहे का जवळ?" ते म्हणाले.

"गप्प बसा!" ताई ओरडली. मग माझ्याकडे वळली. "हात गेला तो गेला. आता यांचं विमानपण घालवणार आहेस का? बोटं परत येणार आहेत का तुझी त्याने? दुसरं काही येत नाही रे या माणसाला. जमिनीवर आणलास तर भिंतीवर डोकं आपटून मरेल. मी तुला वाढवलं, कधी काही मागितलं का? आज मागते."

मागितलं नव्हतं, खरंच. तिच्यासाठी मी दुसरा हातही त्या फटीत घातला असता. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला शिव्या घालणार? मी साहेबांकडून पेन घेतलं. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं, आणि ताई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी पान वाचलं. दाजींचं अक्षर आणि त्यावर मॅनेजरचं वाळलेलं रक्त. अंगाची आग होत होती. वाटलं, असं लिहावं की हा माणूस पुन्हा सायकलवरसुद्धा बसणार नाही. मग वाटलं, लिहावं नजरचूक, पुसून टाकावं सगळं. पण नजर चुकली नव्हती. नजर टाकलीच नव्हती. आणि ती टाकली जात नाही, हे एका माणसाला सहा वर्षं पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक वेळी तो समोर उभा राहून खी खी हसला होता. मीच.

हेच दाजी उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी मेहुण्याचं पान न वाचता विमान उडवतील, असं काही मला वाटलं नाही. ते पुन्हा कधीच तसं करणार नव्हते, मी शपथेवर सांगतो. पण ते पान घडलेल्याचं होतं, आणि एकदा 'तपासलं, ठीक' लिहून मी दात घालवला होता.

मी लिहिलं, 'तपासलं. दोष खरा.' पेन उचललं. मग पुन्हा टेकवलं आणि पुढे लिहिलं, 'कॅप्टन माझी पानं वाचत नाहीत हे मला सहा वर्षं माहीत होतं. मी कळवलं नाही.' खाली सही केली आणि लायसन्सचा क्रमांक टाकला.

ताईने वाचलं. साहेबांनी वाचलं आणि त्यांचं हसू गळून पडलं. ताईने मला मारलं. दात पाडणाऱ्याला दिली होती तशीच, खाडकन, आणि मारलेला हात धरून खोलीबाहेर गेली. दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. माझं लायसन्स वर्षभर काढून घेतलं होतं. त्या वर्षी मी सामानाच्या गाड्या मोजल्या.

दाजी खाटेपाशी आले. भुवईतलं रक्त वहीवर पडू नये म्हणून एका हाताने त्यांनी कपाळ दाबून धरलं होतं. वाकून त्यांनी माझा रकाना वाचला. पुन्हा वाचला. ओठ हलत होते, शाळेतली मुलं वाचतात तसे.

"दुसरं वाक्य खोड," ते म्हणाले. "हे माझं आहे, यात तू येऊ नकोस."

"वहीत एक रेघ मारूनच खोडता येतं, दाजी. खालचं वाचता आलंच पाहिजे. मग खोडून काय मिळणार?"

"खोड म्हणतो ना!" त्यांनी खाटेची दांडी अशी धरली की ती हलली, आणि क्षणभर मला वाटलं, दुसराही दात जातो. मी मान हलवली, नाही.

त्यांनी दांडी सोडली. माझ्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तारीख राहिली तुझी."

खरंच राहिली होती. मी तारीख टाकली. दाजींनी माझ्या हातातून पेन घेतलं, पान वरपासून खालपर्यंत तिसऱ्यांदा वाचलं आणि डाव्या रकान्यात, आपल्या तीन ओळींखाली, सही केली. त्यानंतर कुठल्याही विमानाच्या वहीत त्यांची सही झाली नाही.